‘टायर रबराचे आहेत, भिऊ नका’ : त्या व्हिडिओला एका वायरमनचं उत्तर

गेल्या महिनाभरात एकच व्हिडिओ मला अकरा जणांनी पाठवला. काटोलकडचे दोन कास्तकार, हिंगण्याचा एक दुकानदार, माझा साळा आणि लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे परवाना असलेले तीन वायरमनसुद्धा. नवीन शेड, ट्रॅक्टरचा लोडर पूर्ण वर गेलेला, बकेटीत ड्रिल घेऊन उभा एक पोरगा, आणि खाली मजकूर:

‘कास्तकार भाऊ, शेडच्या वायरिंगसाठी परांचीचं भाडं कशाला? घरचा लोडर आहे ना! आठ क्विंटल उचलणारी बकेट 70 किलोच्या माणसाला काय पाडणार? टायर रबराचे, करंट लागत नाही. शिडीपेक्षा शंभरपट सेफ. तरी भीती वाटली तर लाइन गेल्यावर करा. विदेशात सगळे असंच करतात. पैसा वाचवा, पुढे पाठवा.’

बावीस वर्षं झाली नागपूर जिल्ह्यात गोठे, पोल्ट्री, संत्र्याच्या पॅकिंगचे शेड आणि गोदामं यांचं वायरिंग करतोय. म्हणून उत्तर लिहायला बसलो. पण आधी त्या मजकुरात जे खरं आहे ते मान्य करतो.

शिडीबद्दल तो चुकीचा नाही. आपल्याकडे शेडमध्ये शिडी म्हणजे दोन बांबू आणि त्यांना ठोकलेल्या पट्ट्या. ती पर्लिनला (छताचे पत्रे धरणाऱ्या आडव्या लोखंडी पट्टीला) टेकवायची, खाली एका पोराने धरायची आणि वर दोन्ही हातांनी ड्रिल चालवायचं. शिडी पुरेशी तिरकी नसते (चार फूट उंचीला एक फूट पाय बाहेर, हा साधा हिशोब), वरच्या टोकाला बांधलेली नसते, आणि धरणारा पोरगा मोबाइलमध्ये. अशा शिडीपेक्षा बकेट बरी वाटली तर नवल नाही. पण ही तुलनाच लबाड आहे. दोन वाईट गोष्टी शेजारी उभ्या केल्या की त्यातली एक चांगली दिसायला लागते.

आता आठ क्विंटलचं बघू. लोडर तेवढं वजन उचलतो, त्यात वाद नाही. प्रश्न उचलण्याचा नाही, धरून ठेवण्याचा आहे. वर गेलेली बकेट कशावर उभी असते? सिलिंडरमधल्या तेलावर. ते तेल कोंडून ठेवणारी गोष्ट कोणती? एक होज पाईप (तेलाची रबरी नळी) आणि एक व्हॉल्व्ह. माणसं उचलण्यासाठी बनवलेल्या मशीनमध्ये सिलिंडरलाच लॉक व्हॉल्व्ह असतो. होज फुटला तरी तेल जागच्या जागी अडकतं, प्लॅटफॉर्म खाली येत नाही. साध्या ट्रॅक्टर लोडरवर तो बहुधा नसतो, कारण तो शेणखत आणि मुरूम उचलायला बनवलाय. शेणखत पडलं तर परत भरता येतं. नागपूरच्या उन्हात, पारा 45 च्या वर असताना, वर्षानुवर्षं बाहेर उभ्या ट्रॅक्टरचे होज बोटाने वाकवून बघा, भेगा दिसतील. होज गेला तर अकरा फुटांवरची बकेट सावरायला वेळ न देता जमिनीवर येते.

होज शाबूत असला तरी जुनं सील हळूहळू तेल सोडतं. बकेट वर ठेवून चहा प्यायला जा, परत आल्यावर चार बोटं खाली आलेली असते. ऑपरेटर ती परत वर घ्यायला लिव्हर ओढतो. खरं मरण तिथे आहे.

हे मला कसं माहीत? कारण मी स्वतः चढलोय. सावनेरकडे एक गाईंचा कोठा होता, मालक घरातल्यासारखा, ट्रॅक्टरवर त्याचा चुलतभाऊ. अत्यंत शांत, सवयीचा माणूस. मी बकेटीत उभा राहून पर्लिनला सॅडल (पाइप धरणारी पट्टी) मारत होतो, डावा हात बकेटीच्या काठावर. बकेट थोडी खाली आली होती म्हणून मीच ओरडलो, ‘घे थोडी वर.’ त्याने घेतली. लिव्हर तेवढीशीच हलली, पण लोडरला तेवढीशी कळत नाही, तो झटक्यानेच जातो. काठ आणि पर्लिन यांच्यात माझी दोन बोटं सापडली. मधल्या बोटाचं वरचं पेर आजही वाकत नाही. तो बिचारा महिनाभर माझ्याशी नजर मिळवत नव्हता. चूक त्याची नव्हतीच. ‘ऑपरेटर ओळखीचा आहे’ हे जे त्या व्हिडिओखाली लोक लिहितात त्यांना माझं एवढंच म्हणणं: माझाही ओळखीचाच होता. बोटांच्या जागी मान असती तर हा लेख दुसऱ्या कोणाला लिहावा लागला असता.

आणि ट्रॅक्टर कशावर उभा असतो? नवीन शेडमध्ये जमीन म्हणजे काळ्या मातीवर टाकलेला मुरूम, बहुतेक वेळा नीट न दाबलेला. एक साधं गणित करा. मागच्या दोन चाकांत साधारण पावणेपाच फूट अंतर. त्यातलं एक चाक चार इंच दबलं. बकेट अकरा फुटांवर असेल तर बकेटीतल्या माणसाचं डोकं सोळा-साडेसोळा फुटांवर, आणि ते डोकं त्या एका दबण्याने एक फुटाहून जास्त बाजूला जातं. तोल गेलेला माणूस काय करतो? हाताला लागेल ते धरतो, म्हणजे बकेटीचा काठ किंवा वरची वायर. पुढची चाकं सांभाळून घेतील असं वाटत असेल तर ट्रॅक्टरखाली वाकून बघा. पुढचा अ‍ॅक्सल मधल्या पिनवर डोलतो, खड्ड्यातून जाता यावं म्हणूनच तो तसा बसवलाय.

यापुढचा मुद्दा सगळ्यात जास्त पसरलाय आणि सगळ्यात घातक आहे: टायर रबराचे, करंट लागत नाही.

रबर वीज अडवतं हे शाळेत शिकलो, बरोबर. पण ट्रॅक्टरचा टायर म्हणजे शाळेतला रबर नव्हे. तो काळा असतो तो कार्बन ब्लॅकमुळे. कार्बन वीज वाहून नेतो. टायरच्या काठात पोलादी तारा असतात, वरून चिखल, शेण, ओल. शेजारून जाणाऱ्या 11 केव्ही (11 हजार व्होल्ट) लायनीला बकेट लागली तर असा टायर तिला अडवू शकत नाही, उलट आतून तापून पेटतो. कधी कधी बऱ्याच वेळाने फुटतो, लोक बघायला जवळ गेल्यावर.

आणि लायनीला बकेट लागणं किती सोपं आहे ते पुन्हा आकड्यात सांगतो. रस्त्यापासून दूर, वावरातून जाणारी 11 केव्हीपर्यंतची उघडी लाइन नियमाप्रमाणे जमिनीपासून किमान 4.6 मीटर हवी, म्हणजे पंधरा फूट. वर सांगितलेल्या माणसाचं डोकं साडेसोळावर आहे. म्हणजे लाइन नियमात बसणारी असली तरी ती त्याच्या छातीशी येते. आपल्या वावरातल्या झोल पडलेल्या लायनी नियम पाळतात की नाही ते तुम्हीच सांगा. शेडच्या आत काम करताना लाइन कुठून येणार, असं विचारतात. शेडच्या आत नाही हो, पण ट्रॅक्टर आत येतो कुठून? धुऱ्यावरून, डीपीच्या (ट्रान्सफॉर्मरच्या) बाजूने, आणि ‘परत कोण उतरवेल’ म्हणून बकेट माणसासकट वरच ठेवून. अमेरिकेतल्या बांधकामाच्या नियमात 50 केव्हीपर्यंतच्या लायनीपासून क्रेनचा कोणताही भाग दहा फूट लांब ठेवायला सांगितलंय. चिकटायचीही गरज नसते, फार जवळ गेलं तरी ठिणगी उडी घेते.

समजा लागलीच. सीटवरच्या माणसाने काय करायचं? खाली उतरायचं नाही. महावितरणकडून लाइन बंद झाल्याची खात्री होईपर्यंत बसून राहायचं आणि बाकीच्यांना लांब थांबवायचं. एक पाय ट्रॅक्टरवर आणि एक जमिनीवर, एवढा क्षण पुरेसा असतो. ट्रॅक्टर पेटलाच तर दोन्ही पाय जुळवून दूर उडी मारायची आणि पाय न उचलता घासत-घासत सरकत जायचं, कारण जमिनीतही दोन पावलांच्या मधे व्होल्टेज असतं. ढोरं याच कारणाने आधी मरतात, त्यांच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त. आता सांगा, अकरा फुटांवर बकेटीत उभा असलेला पोरगा कुठे उडी मारणार?

यावर हुशार माणूस म्हणतो, ‘आम्ही फक्त 230 व्होल्टवर काम करतो, तिथे तरी टायर कामाचा ना?’ कोरड्या फरशीवर थोडाफार असेलही. पण मग धोका वाढतो, कमी होत नाही. ड्रिलची केबल बकेटीच्या धारेने कापली गेली, फेज (करंट असलेली तार) लोखंडाला लागला. टायरने वीज जमिनीत जाऊ दिली नाही, म्हणून एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) पडला नाही. कोणालाच काही कळलं नाही. सगळा ट्रॅक्टर आता 230 व्होल्टवर उभा आहे आणि खालून पाइप द्यायला आलेला पोरगा ओल्या पायांनी बंपरला हात टेकवतो. बकेटीतला मात्र ठणठणीत. तोही फक्त कैचीला (छत पेलणाऱ्या लोखंडी सांगाड्याला) हात लागेपर्यंत, कारण कैची अर्थिंगने जमिनीला जोडलेली असते. ड्रिलच्या लायनीवर 30 मिलिअँपचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच लाइन तोडणारा स्विच) असेल तर पोरगा बहुधा वाचेल. किती शेडांच्या तात्पुरत्या कनेक्शनवर तो असतो? मी मोजायचं सोडून दिलंय.

‘लाइन गेल्यावर करा’ हा सल्ला देणाऱ्याला कृषी फीडर (शेतीपंपांची वेगळी लाइन) माहीत नाही असं म्हणवत नाही, कारण तो कास्तकारच असणार. मग त्याला हेही माहीत आहे की लाइन जाते आणि न सांगता येते. शेजारच्याचं जनरेटर उलट्या बाजूने लायनीत वीज सोडतं, घरचा इन्व्हर्टर देतो. लाइन गेली म्हणजे लाइन बंद केली असं होत नाही. मेन खाली, कुलूप लावलेलं, किल्ली वर चढणाऱ्याच्या खिशात, आणि टेस्टरने तपासलेलं, याला बंद म्हणतात.

विदेशाचं थोडक्यात आटोपतो. ब्रिटनमध्ये शेतावर टेलिहँडलरला (लांब होणाऱ्या हाताच्या लोडरला) पिंजरा लावून माणूस उचलताना दिसतो, ते खरं. पण तो कठडे असलेला, मशीनला लॉक होणारा पिंजरा असतो, बकेट नाही. माणूस उचलणाऱ्या साधनाची दर सहा महिन्यांनी कसून तपासणी करायचा 1998 चा नियम तिथे आहे, आणि असा जोडलेला पिंजराही अचानक आलेल्या, क्वचितच्या कामासाठीच वापरायला सांगतात. ठरवून दोन दिवस चालणारं वायरिंग त्यात बसत नाही. अमेरिकेत तर लोडरवर परांचीची फळी टेकवायलाही बंदी आहे, कंपनीने लोडर खास त्यासाठी बनवला असेल तरच चालते. व्हिडिओ बनवणाऱ्याने विदेशातला पिंजरा बघितला आणि नियमाची पाटी कापून टाकली.

राहिला पैसा. काही झालं तर सरकार देईल, हेही कोणीतरी खाली लिहिलंय. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात सानुग्रह अनुदान योजना मृत्यूला 2 लाख देते, पण खातेदार शेतकरी आणि त्याच्या घरातल्या एकाला. शहरातून आलेल्या, सातबारा नसलेल्या वायरमनच्या बायकोला त्यातलं काही मिळत नाही. ती कोणाच्या दारात येईल? शेडमालकाच्या.

आणि भाडं वाचवायचंच असेल तर चढणंच कमी करा ना, भाऊ. वायरिंगवाल्याला आपण बोलावतो कधी? टिना चढल्यावर. तोपर्यंत उशीर झालेला असतो. कैच्या जमिनीवरच वेल्डिंग होतात, दोन-चार दिवस तिथेच पडलेल्या असतात. त्या दिवसांत मला बोलवा. मागच्या उन्हाळ्यात कळमेश्वरकडे एका गोठ्याच्या सात कैच्यांना आम्ही खाली बसून, सावलीत, सॅडल, पाइप आणि जंक्शन बॉक्स लावले, वायर ओढून दोन्ही टोकांना गुंडाळी ठेवली. क्रेनने कैच्या चढवल्या. वर फक्त एका कैचीपासून दुसरीपर्यंतचे जोड उरले. त्यासाठी चाकांचा स्कॅफोल्डिंग टॉवर आणला: चाकं लॉक, चारही बाजूंनी कठडा, उंची पायाच्या रुंदीच्या तिपटीच्या आत. अर्ध्या दिवसात परत केला. मेन लाइन भिंतीने आठ फुटांवरून नेली, ती घोडीवर उभं राहून होते. गाई जिथे अंग घासतात तिथे जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप, फिटिंग सगळ्या धूळ-पाणी न शिरणाऱ्या, आणि सुरुवातीलाच आरसीसीबी.

त्या मालकाकडे लोडर आहे. तो आम्ही भरपूर वापरला. केबलसाठी खोदलेली नाली बुजवायला, पाइपाचे बंडल आणायला, मुरूम पसरायला.

मधल्या दोन कैच्यांवरच्या फिटिंग पुलीवर टांगल्या आहेत, वायरला वर प्लग. लाइट उडाला की गडी मेन खाली करतो, खुंटीची दोरी सोडतो, फिटिंग छातीपर्यंत येते, तो बल्ब बदलतो आणि दोरी परत बांधतो.