'९९ टक्के कॅन्सर मारणारे नॅनोरोबो' आणि पुढे ढकलली जाणारी केमो

सध्या एक फॉरवर्ड फिरतो आहे. त्यातले दावे असे: विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी रक्तात सोडायचे नॅनोरोबो बनवले आहेत, ते कॅन्सर शोधून ९९ टक्के पेशी मारतात, रचना एआयने केल्यामुळे मोठ्या चाचण्यांची गरज नाही, औषध कंपन्यांनी हे दाबून ठेवलं आहे, सहा महिन्यांत उपचार येईल, तोवर केमोचं विष अंगात घेऊ नका. सोबत चित्र आहे, कोळ्यासारखे पाय असलेलं चकचकीत यंत्र एका तांबड्या पेशीला धरून बसलेलं. हा मजकूर माझ्या नात्यातल्या एका बाईंपर्यंत पोहोचला. त्यांची केमोची तारीख ठरलेली आहे, आणि घरात 'थोडं थांबून बघायचं का' अशी चर्चा सुरू झाली. म्हणून सुरुवात त्या शेवटच्या वाक्यापासूनच.

'सहा महिने थांबा'

बाकीचे दावे चुकीचे आहेत, हा मात्र जिवावर बेतणारा आहे. उपचार लांबले तर नेमकं काय होतं, याची मोजदाद झालेली आहे. कॅनडातल्या क्वीन्स विद्यापीठाच्या संशोधकांच्या पुढाकाराने झालेला एक आढावा नोव्हेंबर २०२० मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. त्यात ३४ अभ्यास आणि १२,७२,६८१ रुग्ण होते. मूत्राशय, स्तन, मोठं आतडं, गुदाशय, फुप्फुस, गर्भाशयमुख आणि डोकं-मान अशा सात कॅन्सरांचा त्यात विचार होता. शस्त्रक्रिया दर चार आठवड्यांनी लांबली की मृत्यूचा धोका ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो, असं त्यात दिसलं. स्तनाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया १२ आठवडे लांबली तर वाढ २६ टक्क्यांपर्यंत जाते. केमोसारख्या औषधोपचारांसाठी आकडा प्रकारानुसार बदलतो, काही ठिकाणी जेमतेम १ टक्का, तर काही ठिकाणी २८ टक्के, तोही दर चार आठवड्यांना.

हे टक्के सापेक्ष आहेत, हे सांगायलाच हवं. ८ टक्के वाढ म्हणजे शंभरातले आणखी आठ जण दगावतात असं नाही. मुळात जो धोका आहे तो तेवढ्या पटीत वाढतो. पण सहा महिने म्हणजे चार-चार आठवड्यांचे साडेसहा हप्ते. शस्त्रक्रियेचा दर धरून चक्रवाढ हिशेब केला तर धोका ४५ ते ६५ टक्क्यांनी वाढलेला निघतो. हा गुणाकार माझा आहे, त्या आढाव्याचा नाही, पण दिशा कळायला पुरेसा आहे.

असं का होतं? शस्त्रक्रियेनंतर दिली जाणारी केमो स्कॅनवर न दिसणाऱ्या, शरीरात इतरत्र विखुरलेल्या पेशींसाठी असते. त्या कमी असतानाच औषध सर्वांत उपयोगी पडतं. शस्त्रक्रियेआधीची केमो गाठ लहान करण्यासाठी असते. ती टाळली तर काढता येण्याजोगी गाठ शेजारच्या रक्तवाहिनीला किंवा नसेला चिकटू शकते. शिवाय दरम्यान रुग्णाचं वजन घटतं, हिमोग्लोबिन उतरतं, मूत्रपिंडाचं काम मंदावतं, आणि मग नंतर केमो द्यायची म्हटली तरी पूर्ण मात्रा झेपत नाही.

केमो विषारी आहे, हे खरं आहे. ती निरोगी पेशींनाही मारते. डोस दिल्यावर साधारण ७ ते १४ दिवसांनी पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात आणि त्या दिवसांत ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप आला तर तासाभरात रुग्णालय गाठावं लागतं. डॉक्सोरुबिसिनसारखं औषध हृदयाच्या स्नायूला इजा करतं, म्हणून त्याच्या आयुष्यभराच्या एकूण मात्रेची मर्यादा ठरलेली आहे: शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला ४५० ते ५५० मिलिग्रॅम. डॉक्टर ती बेरीज प्रत्येक डोसला पुढे नेतात. विषारी औषध मोजून, तपासून देणं आणि आंधळेपणाने विष पाजणं यांत फरक आहे. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने तो पुसून टाकला, याचा मला राग आहे.

तपासण्या पूर्ण करायला किंवा दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला एक-दोन आठवडे गेले तर बिघडत नाही, तेवढं खुशाल करावं. प्रोस्टेटच्या काही सौम्य कॅन्सरमध्ये तर डॉक्टर स्वतःच उपचार न करता लक्ष ठेवायला सांगतात. पण तो निर्णय बायॉप्सी आणि रक्ततपासणी पाहून होतो.

'९९ टक्के पेशी मारतात'

हा आकडा कोणी हवेतून आणलेला नाही, म्हणूनच तो जास्त फसवतो. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात जेम्स टूर यांच्या गटाने २०२३ च्या अखेरीस 'नेचर केमिस्ट्री'मध्ये काम प्रसिद्ध केलं. अमिनोसायनिन नावाचे रंगद्रव्याचे रेणू पेशीच्या पटलाला, म्हणजे बाहेरच्या पातळ आवरणाला, चिकटतात. त्यांच्यावर अवरक्ताच्या (इन्फ्रारेडच्या) जवळचा प्रकाश टाकला की सगळा रेणू एका लयीत कंप पावतो आणि पटल फाडतो. प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवलेल्या मेलानोमाच्या (त्वचेच्या एका कॅन्सरच्या) पेशींपैकी ९९ टक्के अशा मेल्या. त्याच कामात, मेलानोमाची गाठ असलेल्या उंदरांपैकी जवळपास निम्मे कॅन्सरमुक्त झाले. फॉरवर्डमध्ये ९९ राहिला, निम्मे गळाले, आणि उंदीर हा शब्दच गेला.

बशीत आणि उंदरात एवढा फरक का पडतो? बशीत पेशी तळाशी एका थरात पसरलेल्या असतात. औषध सरळ त्यांच्या द्रवात मिसळलं जातं, प्रकाश वरून थेट पडतो, रक्तप्रवाह नाही, यकृत नाही. गाठ जाड असते. तिच्या आत दाब जास्त असतो, मधल्या भागात रक्तवाहिन्या विरळ असतात, औषध काठावर थांबतं. हा विशिष्ट प्रकाश शरीरात काही सेंटीमीटर जाऊ शकतो, दृश्य प्रकाशापेक्षा कितीतरी खोल, आणि या कामाचं खरं महत्त्व तिथेच आहे. पण खोलीबरोबर त्याची तीव्रता घटत जाते. आणि ज्या गाठीवर प्रकाश रोखायचा ती कुठे आहे हे आधी माहीत असावं लागतं. विखुरलेल्या पेशींवर प्रकाश कुठे टाकणार? केमोचं काम नेमकं त्याच पेशींवर असतं.

बरं, ९९ टक्के मेल्या असं धरू. एक घन सेंटीमीटर गाठीत ढोबळमानाने १०० कोटी पेशी धरल्या तर एक टक्का म्हणजे एक कोटी पेशी शिल्लक. त्या सात वेळा दुप्पट झाल्या की आकडा १२८ कोटींवर जातो, म्हणजे मूळ गाठीपेक्षा जास्त. दुप्पट व्हायला दोन महिने लागत असतील तर सव्वा वर्षाच्या आत गाठ परत जागेवर. म्हणूनच केमो एकदा देऊन थांबत नाहीत, आवर्तनं करतात.

'रक्तात फिरून कॅन्सर शोधणारे रोबो'

त्या चित्रातल्यासारखं काहीही अस्तित्वात नाही. शास्त्रज्ञ ज्याला नॅनोरोबो म्हणतात त्याला मोटर नसते, बॅटरी नसते, कॅमेरा नसतो. सर्वांत गाजलेलं उदाहरण २०१८ चं आहे. अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठ आणि बीजिंगचं राष्ट्रीय नॅनोविज्ञान केंद्र यांनी डीएनएचा ९० बाय ६० नॅनोमीटरचा पत्रा विणून त्याची नळी केली. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. तांबडी पेशी साधारण ७,५०० नॅनोमीटर रुंद असते. तिच्या व्यासावर अशा ऐंशी नळ्या एकापुढे एक मावतील.

हा पत्रा विणण्याची पद्धत पॉल रोथेमुंड यांनी कॅलटेक या अमेरिकेतल्या संस्थेत २००६ साली दाखवली. एम१३ या विषाणूचा सुमारे सात हजार अक्षरांचा डीएनएचा एकेरी धागा घ्यायचा. त्यात दोनशेहून अधिक छोटे, मुद्दाम ठरवून बनवलेले तुकडे जास्त प्रमाणात टाकायचे. मॅग्नेशियम असलेल्या द्रवात ९० अंशांच्या आसपास तापवून हळूहळू थंड करायचं. तुकडे आपापल्या जागी बसून लांब धाग्याला घड्या घालतात. मग उरलेले तुकडे गाळून काढायचे. २०१८ च्या नळीत रक्त गोठवणारं थ्रॉम्बिन ठेवलं होतं. गाठीच्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या बाजूला न्यूक्लिओलिन नावाचं प्रथिन असतं. ते नळी बंद ठेवणाऱ्या कुलपाला भेटलं की नळी उघडते, थ्रॉम्बिन बाहेर येतं, तिथलं रक्त गोठतं, गाठीचा पुरवठा तुटतो. कल्पना सुंदर आहे. उंदरांच्या गाठींवर तिचा परिणाम दिसला, सुरक्षितता लहान जातीच्या डुकरांतही तपासली.

आता अडचणी. घड्या टिकायला जितकं मॅग्नेशियम लागतं त्याच्या कितीतरी कमी रक्तात असतं, त्यामुळे रचना सैलावू शकते. रक्तातली विकरं (एन्झाइम) डीएनए कापतात. त्यावर उपाय म्हणून लायसिन या अमिनो आम्लाच्या साखळ्या आणि पीईजी हा पॉलिमर यांचा लेप देतात. पण पीईजीविरुद्ध प्रतिपिंडं (अँटिबॉडी) तयार झाली तर पुढचे डोस शरीर लवकर बाहेर फेकतं. एम१३ चा धागा जिवाणूंत वाढवतात, त्यामुळे जिवाणूंचं एंडोटॉक्सिन हे विष सोबत येतं. ते नीट काढलं नाही तर रुग्णाला थंडी-ताप, रक्तदाब कोसळणं. आणि सर्वांत मोठी भीती: नळी चुकीच्या जागी उघडली तर गुठळी मेंदूत होईल. या धोक्याचं प्रमाण माणसांवरच्या चाचण्यांशिवाय कळण्याचा दुसरा मार्ग नाही.

'शोधतात' या शब्दाबद्दलही बोलू. टोरांटो विद्यापीठातल्या वॉरन चॅन यांच्या गटाने २०१६ मध्ये आधीच्या दहा वर्षांतले प्रयोग एकत्र मोजले. टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोहोचण्याचं मध्यक प्रमाण, म्हणजे सगळे निकाल ओळीने लावल्यावर मधोमध येणारं, ०.७ टक्के निघालं. कण रक्तात शिरताच त्यांच्यावर प्रथिनांचं आवरण चढतं आणि यकृतातल्या कुप्फर पेशी, प्लीहेतल्या भक्षक पेशी ते गिळतात. याच गटाने २०१८ मध्ये, कॅन्सर पेशी ओळखणारी प्रतिपिंडं लावलेले कण उंदरांत सोडून मोजले. प्रत्यक्ष कॅन्सर पेशींपर्यंत दहा लाखांतले फार तर १४ पोहोचले. गाठीत पोहोचलेले बाकीचे कण तिथल्या जाळ्यात आणि भक्षक पेशींत अडकले. २०२० मध्ये त्यांनीच दाखवलं की उंदराला एकाच वेळी एक लाख कोटींहून जास्त कण दिले तर यकृत थकतं आणि गाठीपर्यंतचं प्रमाण १२ टक्क्यांपर्यंत चढतं. हे क्षेत्र पुढे सरकतं आहे, पण सहा महिन्यांत दवाखान्यात येण्याच्या वेगाने नाही.

उंदरांबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. उंदीर २० ग्रॅमचा. त्याची गाठ एक ग्रॅमची म्हणजे वजनाच्या पाच टक्के. ६० किलोच्या माणसात तेवढं प्रमाण म्हणजे तीन किलोची गाठ. उंदरातली गाठ काही आठवड्यांत, घाईने वाढवलेली असते, तिच्या रक्तवाहिन्या गळक्या असतात आणि कण तिच्यात सहज शिरतात. माणसाची गाठ वर्षानुवर्षं वाढलेली असते.

'एआयने बनवलं, म्हणून चाचण्या नकोत'

एआयने आजवर कोणत्याही औषधाची माणसावरची चाचणी वाचवलेली नाही. ते वाचवतं शोधण्याचा काळ. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत २०२० मध्ये हॅलिसिन हे प्रतिजैविक सापडलं तेव्हा एआयच्या प्रारूपाला (मॉडेलला) आधी २,३३५ रेणूंचे प्रयोगशाळेतले निकाल शिकवले होते, मग सुमारे सहा हजार रेणूंच्या यादीतून त्याने हे नाव वर आणलं. त्यानंतर जिवाणूंवर आणि उंदरांवर प्रयोग करावेच लागले. आल्फाफोल्ड या एआय प्रणालीच्या निर्मात्यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला तो प्रथिनाचा आकार सांगितल्याबद्दल; एखादा रेणू यकृताला झेपेल का, हे ती प्रणाली सांगत नाही. माणसांवरच्या चाचण्यांत शिरणाऱ्या औषधांपैकी दहातली नऊ अपयशी ठरतात, आणि कॅन्सरमध्ये प्रमाण त्याहून वाईट आहे.

'कंपन्यांनी दाबून ठेवलं'

वर ज्यांचा उल्लेख केला ती सगळी कामं शोधपत्रिकांत छापलेली आहेत, विद्यापीठांनी स्वतः त्यांच्या बातम्या दिल्या आहेत. कंपन्या नफ्यासाठी काही चांगले रेणू सोडून देतात, फसलेल्या चाचण्यांचे निकाल सगळे छापून येत नाहीत, हे मान्य. पण दाबून ठेवण्याच्या गोष्टीला सर्वांत मोठं उत्तर म्हणजे नॅनो औषधं कंपन्या गेली तीस वर्षं विकत आहेत. डॉक्सिलला अमेरिकेत १९९५ मध्ये मान्यता मिळाली: सुमारे १०० नॅनोमीटरच्या मेदाच्या पिशवीत डॉक्सोरुबिसिन. २००५ मध्ये अ‍ॅब्रॅक्सेन आलं, म्हणजे अल्ब्युमिन या प्रथिनाला बांधलेलं पॅक्लिटॅक्सेल, सुमारे १३० नॅनोमीटरचं.

आणि ही दोन्ही केमोच आहेत. औषध तेच, वेष्टन नॅनो. डॉक्सिलमुळे हृदयावरचा भार कमी झाला, पण तळहात-तळपाय लाल होऊन सोलवटण्याचा त्रास वाढला. 'केमो की नॅनो' असा पर्याय फॉरवर्डने उभा केला आहे, तो मुळात खोटा आहे. कदाचित रुग्णाच्या कागदावर नॅनो औषधाचं नाव आधीच लिहिलेलं असेल.

अशी पुढची बातमी आली की मूळ शोधनिबंधाचा सारांश उघडा आणि 'उंदीर', 'पेशी-संवर्धन' (बशीत वाढवलेल्या पेशी) की 'रुग्ण', यातलं काय लिहिलंय ते पाहा. रुग्ण असतील तर चाचणीचा नोंदणी क्रमांक असतो. अमेरिकी नोंदवहीत तो 'एनसीटी' आणि पुढे आठ अंक असा दिसतो. त्यावरून टप्पा, रुग्णभरती सुरू आहे का आणि कोणत्या प्रकारचा कॅन्सर घेतात, हे कळतं. क्रमांक नसेल तर विचारायला जाण्यासारखा उपचार अजून नाही. क्रमांक असेल तर तो कागदावर लिहून ठरलेल्या तारखेला केमोला जाताना डॉक्टरांना दाखवा. चाचण्यांत नवं औषध बहुधा चालू उपचारांच्या जोडीला किंवा ते थकल्यावर दिलं जातं. मात्र आधी कोणते डोस झाले यावर प्रवेश अवलंबून असू शकतो, म्हणून हा प्रश्न पहिल्या आवर्तनाआधीच विचारलेला बरा.