लोखंडी वोक विषारी नाही, तो मेसेज पुढे पाठवू नका

सध्या फॅमिली ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. लोखंडी वोकमध्ये (म्हणजे चिनी पद्धतीची खोलगट कढई) किंवा आपल्या कढईत मोठ्या आचेवर भाज्या परतणं म्हणजे स्लो पॉयझन, लोखंड अन्नात उतरून किडनी-लिव्हर खराब करतं, आचेने सगळी जीवनसत्त्वं मरतात, तेलाच्या धुराने कॅन्सर होतो, त्यात अजिनोमोटो, म्हणून भाज्या उकडून पाणी फेकून द्या आणि भांडं नॉनस्टिकच वापरा. खाली 'मोठ्या डॉक्टरांचा सल्ला', नाव कुणाचंच नाही. मी सोडूनही दिलं असतं, पण माझ्या मावशीने हे वाचून तिचा चांगला तेल मुरलेला वोक भंगारवाल्याला देऊन टाकला. तिचं हिमोग्लोबिन नऊच्या आसपास आहे, लोहाच्या गोळ्या चालू आहेत. म्हणून लिहितेय.

आधी लोखंडाचंच बघू, कारण खरं नुकसान या मुद्द्याने होतंय. लोखंडी भांड्यातलं लोह अन्नात उतरतं हे खरंय, पण आपल्याला तेच तर हवंय ना! १९९९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात इथिओपियातल्या एका प्रयोगाचा अहवाल आला होता. चारशेच्या वर घरं, प्रत्येक घरातलं एक लहान मूल, काही घरांना लोखंडी भांडी दिली आणि काहींना ॲल्युमिनियमची, कुणाला काय ते चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं. वर्षभराने लोखंडी भांड्यातलं खाणाऱ्या मुलांचं हिमोग्लोबिन सरासरी १.७ ग्रॅमने वाढलेलं होतं (डेसिलिटरमागे), ॲल्युमिनियमवाल्यांचं ०.४ ने. आपल्याकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९-२१ च्या, १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना ॲनिमिया निघालाय. अशा देशात बायकांना लोखंडी भांडं टाकून द्यायला सांगायचं? बरं, वोकमध्ये भाजी चार-पाच मिनिटं असते, जवळजवळ कोरडी, त्यात चिंच-टोमॅटो घालून उकळवलेल्या आमटीएवढं लोह उतरतही नाही, मग विष कुठून होणार. शेवटी लिंबू पिळा, भाजीतलं लोह अंगाला जास्त लागतं, आणि जेवणावर लगेच चहा नको. गोळ्या मात्र वोक आहे म्हणून बंद करायच्या नाहीत. ज्यांना थॅलेसेमियामुळे सतत रक्त चढवावं लागतं किंवा ज्यांच्या शरीरात लोह साठून राहण्याचा आजार आहे त्यांनी डॉक्टरांना विचारावं, ती माणसं वेगळी.

आता नॉनस्टिक. मोठी आच वाईट म्हणायचं आणि उपाय म्हणून असं भांडं सुचवायचं ज्याला मोठी आच खरोखरच चालत नाही! त्याच्यावरचा टेफ्लॉनचा, म्हणजे अन्न चिकटू न देणारा थर साधारण २६० अंश सेल्सिअसच्या पुढे खराब व्हायला लागतो, रिकामं भांडं मोठ्या गॅसवर विसरलं तर काही मिनिटांत तिथे पोचतं, आणि त्या वाफेने घरातले पाळीव पक्षी मेल्याच्या नोंदी आहेत. मंद आचेवर धिरडी घाला की खुशाल, पण वोकचं काम त्यात करू नका.

जीवनसत्त्वं 'सगळी' मरत नाहीत. सी कमी होतं, आणि त्यासाठी वाफवणं परतण्यापेक्षा बरं, मान्य. पण मेसेज वाफवायला सांगतच नाहीये, उकडून पाणी ओतायला सांगतोय, म्हणजे सी आणि फोलेट (हेही एक जीवनसत्त्वच) थेट मोरीत. गाजरातलं कॅरोटिन तर थोडं तेल असलं की जास्त शोषलं जातं.

धुराबद्दल मात्र मला नाइलाजाने हो म्हणावं लागतंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २०१० मध्ये खूप तापलेल्या तेलात तळण-परतण करताना निघणारा धूर 'बहुधा कॅन्सरकारक' गटात टाकला. तो मुद्दा धुराचा आहे, भांड्याचा नाही. एक्झॉस्ट लावा, खिडकी उघडा, तेल धुरकटायच्या आत आलं-लसूण टाका. घरचा गॅस हॉटेलच्या भट्टीसारखा नसतोच, त्यामुळे ढीगभर भाजी एकदम घातली की पाणी सुटून ती शिजत बसते. एका वेळी दोन माणसांपुरतीच घ्या, धुऊन नीट कोरडी करा, सगळं आधी चिरून ठेवा, गाजर-फरसबी आधी, कोबी-पालक शेवटी, झालं.

अजिनोमोटोचा वोकशी काय संबंध? नका घालू. आणि सोडियमचीच काळजी असेल तर सोया सॉसची बाटली बघा, एका मोठ्या चमच्यात ९०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असतं, दिवसाची मर्यादा २००० ची. त्याबद्दल त्या एवढ्या लांबलचक मेसेजमध्ये एक ओळ नाही. चार जणांच्या भाजीला एक छोटा चमचा पुरतो, आणि तो घातलात तर मीठ चव बघूनच घाला.