अलाबामात आलात तर सेल्माला जाच

भारतातून कुणी आलं की नायगारा, न्यूयॉर्क, वेगस हे ठरलेलंच असतं, आणि आम्ही अलाबामात राहतो म्हटलं की पुढचा प्रश्न, "तिथे काय आहे बघायला?" खूप काही आहे. आम्ही हंट्सविलला राहतो, इथे खरं सॅटर्न फाइव्ह रॉकेट आडवं ठेवलंय, चंद्रावर माणूस नेणारं ते 363 फुटी धूड, ते बघून लहान मुलं तर वेडीच होतात. खाली गल्फ शोर्सला पिठासारखी पांढरी वाळू आहे. जुलै-ऑगस्टमध्ये येऊ नका, घामाने जीव जातो, आणि मार्च-एप्रिलमध्ये आलात तर टोर्नेडोचा सायरन वाजला की खिडकीत बघत उभं राहायचं नाही, खालच्या मजल्यावर आतल्या खोलीत जायचं.

पण आई-बाबा आले तेव्हा मी त्यांना आधी दक्षिणेकडे नेलं, तीन तास ड्राइव्ह करून माँटगोमेरी आणि तिथून हायवे 80 ने सेल्मा. या पट्ट्याला ब्लॅक बेल्ट म्हणतात, नाव पडलं ते काळ्या जमिनीवरून, आणि त्या जमिनीत कापूस पिकवायला गुलाम आणले. बाबा परभणीचे. रस्त्याकडेला उकडलेल्या शेंगा विकायला होत्या त्या त्यांनी घेतल्या, आणि शेतातली माती बघून म्हणाले ही तर आपलीच जमीन आहे रे.

सेल्माच्या पुलावर 7 मार्च 1965 ला काळ्यांसाठी मतदानाचा हक्क मागत निघालेल्या सुमारे सहाशे लोकांवर पोलिसांनी लाठ्या आणि अश्रुधूर चालवला. त्या पुलाला नाव आहे एडमंड पेटसचं, गुलामगिरीच्या बाजूने लढलेला जनरल आणि पुढे कू क्लक्स क्लॅन या काळ्यांवर हल्ले करणाऱ्या गोऱ्यांच्या टोळीचा पुढारी. ते नाव अजून तसंच आहे. ज्यांचं डोकं तिथे फुटलं ते मोर्चाचे एक नेते जॉन लुइस स्वतःच 2015 मध्ये म्हणाले की नाव बदलू नका. माँटगोमेरीत 2018 पासून एक स्मारक आहे, आठशेच्या वर पोलादी खांब, एकेका काउंटीचा, म्हणजे इथल्या जिल्ह्याचा, एकेक, त्यावर जमावाने ठार मारलेल्या काळ्या माणसांची नावं, सगळे मिळून 4,400 हून जास्त. चालत जाता तशी जमीन खाली उतरत जाते आणि खांब डोक्यावर लटकायला लागतात. आई तिथून लवकर बाहेर आली.

आता आपल्याकडचं. डिसेंबर 2020 मध्ये महाराष्ट्र सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला, तेव्हा आमच्या फॅमिली ग्रुपवर दोन दिवस भांडण चाललं होतं. माझं मत तेव्हाही हेच होतं की नावं बदलायलाच हवीत, रोज पत्त्यात आपली जात कुणी का लिहावी. पण ग्रुपवर ज्यांनी पाठिंबा दिला त्यातल्या बऱ्याच जणांचं म्हणणं होतं "बदला आणि विषय संपवा", आणि ते मला पटत नाही. विषय संपतो कसा? 1978 मध्ये औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या, नाव लागलं 14 जानेवारी 1994 ला. विद्यापीठाच्या गेटवर दरवर्षी लोक येतात, पण मी ज्या भागात वाढलो तिथे कुठल्याही गावात इथे हे घडलं असं सांगणारी पाटी मी पाहिली नाही, शाळेत कुणी एक शब्द बोललं नाही.

अलाबामा फार शहाणं राज्य आहे असं मी म्हणत नाही. इथे अजून मार्टिन ल्यूथर किंगच्या सुट्टीच्याच दिवशी गुलामगिरीवाल्यांच्या सेनापतीची, रॉबर्ट ली याचीही सरकारी सुट्टी असते, आणि चाळीस वर्षांहून जुने पुतळे हलवू नयेत म्हणून 2017 मध्ये कायदा केलाय. म्हणजे जे झालं ते इथे सरकारने प्रेमाने कबूल केलेलं नाही, ज्यांच्यावर बेतलं त्यांच्या लोकांनी चिकाटीने पाट्या लावल्या, जागा विकत घेतल्या, पैसे उभे केले. हे आपल्याला करता येईल, त्यासाठी निवडणुकीची वाट बघावी लागत नाही.

पुलावरून परत येताना बाबा गाडीत गप्प होते. 1978 ला ते औरंगाबादला कॉलेजात होते, मला एवढंच माहीत होतं. मग प्रॅटव्हिलच्या आसपास त्यांनी सांगायला सुरुवात केली, होस्टेलवरचा त्यांचा रूम पार्टनर सुट्टीत गावी गेला तो परत आलाच नाही, आणि यांनी कुणी त्याच्या गावी जाऊन चौकशीसुद्धा केली नाही. मी म्हटलं हे लिहून काढा. ते आता परभणीला परत गेलेत, परवा फोनवर म्हणाले चार पानं झालीत, आणि त्याच्या गावाला जाऊन येणार आहेत.