सहाशेच्या चिंगीला साडेसात हजार

आमच्या गिनी पिगचं, चिंगीचं, मुतखड्याचं ऑपरेशन होऊन आज दीड महिना झाला. "सहाशेच्या गिनी पिगला साडेसात हजार घातलासा? नवी आणायची की!" हे वडगावात शेजारी, माहेरी, किराणा दुकानात, सगळीकडे ऐकून झालं. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

पिंजऱ्यातल्या पेपरवर गुलाबी डाग दिसला तेव्हा मला वाटलं, बीट खाल्लंय. दोन दिवसांनी लेक म्हणाली, "आई, शू करताना ती पाठ वर काढून किंचाळतेय." इथल्या डॉक्टरांच्या औषधानं रक्त थांबलं, आठवड्यात परत आलं. मग एक्स-रे. साडेआठशे ग्रॅमच्या जिवात हरभऱ्याच्या डाळीएवढा पांढराशुभ्र खडा.

डॉक्टर सरळ बोलले. कुत्र्यांचे काही खडे खास आहारानं विरघळतात, गिनी पिगचे बहुतेक कॅल्शियम कार्बोनेटचे, ते विरघळत नाहीत. मादीचा अगदी बारीक खडा कधी आपोआप पडतो, हा पडणार नाही. "एवढ्या लहान जिवाचं ऑपरेशन मी केलेलं नाही, कोल्हापूरला न्या."

आणि मी काय केलं? सासूबाईंना मुतखड्यावर हुलग्याचं कढण लागू पडलं होतं, तेच सिरिंजनं चिंगीला पाजत बसले. तीन आठवडे. कढण पाजलं की काहीतरी केल्यासारखं वाटायचं आणि ठरवणं पुढं जायचं. तिकडे ती दर शूला किंचाळत होती. पैशांपेक्षा मला आजही हेच जास्त सलतं.

माझं स्पष्ट मत आहे: ऑपरेशन करा, नाहीतर शांतपणे सोडवा. दोन्हीत माया आहे. मधे लोंबकळत ठेवण्यात नाही. चिंगी अडीच वर्षांची, दुखत असतानाही खात होती, म्हणून ऑपरेशन. सहा वर्षांची असती, अन्न सोडलं असतं, तर मीच इंजेक्शन द्या म्हटलं असतं.

कोल्हापूरला निघण्याआधी तिथल्या डॉक्टरांना फोनवर विचारलं, रात्री उपाशी ठेवू का? अजिबात नाही, म्हणाले. या प्राण्यांना उलटी होत नाही, उलट पोट रिकामं राहिलं तर आतडीच थांबतात. निपाणी येईपर्यंत ती खोक्यात गवत चावत होती, तो कुरकुर आवाज ऐकत मी बसले होते. पेनिसिलिनच्या जातीची औषधं यांना तोंडावाटे द्यायची नसतात, जिवावर बेततं, हेही तिथंच कळलं. घरातली उरलेली गोळी कुणी देऊ नका.

लसूणघास मी रोज कौतुकानं आणायचे. वाढत्या पिल्लाला ठीक, पण त्यात कॅल्शियम फार, आणि मोठ्या जनावराचं जादा कॅल्शियम लघवीवाटेच जातं. आता साधं वाळलेलं गवत, भरपूर पाणी आणि सी व्हिटॅमिनसाठी ढबूची फोड.

खडा परत होऊ शकतो. तेव्हा काय करायचं ते लेकीशी आत्ताच बोलून ठेवलंय. रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर चिंगीचं वजन ती करते, कॅलेंडरवर लिहिते. काल ८४०. आज ८५५.