लांडगा दिसला म्हणणाऱ्याला आधी काय विचारायचं?

‘बार्शी रोडला लांडग्यांची टोळी फिरतेय, मुलांना बाहेर सोडू नका.’ सोबत एक धूसर व्हिडिओ, त्यावर ना तारीख ना गावाचं नाव. सोलापूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर असले मेसेज अधूनमधून येतातच, आणि जर्मनीत राहणाऱ्या आम्हा सोलापूरकरांपर्यंतही लगोलग पोचतात. २०२४ च्या पावसाळ्यात उत्तर प्रदेशातल्या बहराइच जिल्ह्यात लांडग्यांनी लहान मुलं उचलल्याच्या बातम्या आल्या, तेव्हापासून या मेसेजांना जोर चढला आहे. मग ग्रुपमध्ये दोन तट पडतात. एक म्हणतो, युरोपसुद्धा आता लांडगे मारायला निघालाय, आपणच कशाला जपत बसायचं? दुसरा म्हणतो, लांडगा माणसाच्या वाटेला कधी जातच नाही, सगळ्या अफवा आहेत. माझ्या मते दोघंही चुकतात.

युरोपचं आधी बघू. २०२५ साली युरोपियन युनियनने लांडग्याचं संरक्षण एका पायरीने खाली आणलं, हे खरं आहे. पण युनियनच्या देशांत मिळून वीस हजारांवर लांडगे आहेत. एकट्या जर्मनीत २०२३-२४ च्या मोजणीत सुमारे सोळाशे लांडगे नोंदले गेले. ही सगळी वाढ २००० सालानंतरची. पोलंडकडून आलेल्या लांडग्यांनी त्या वर्षी सॅक्सनीतल्या लष्करी सरावाच्या माळावर पिल्लं घातली, त्याआधी शतकाहून जास्त काळ या देशात लांडग्याचं एकही कुटुंब नव्हतं. जर्मनीचं क्षेत्रफळ महाराष्ट्राहून थोडंसंच जास्त. आपल्या अख्ख्या देशात लांडगे उरलेत ते सुमारे तीन हजार. त्यातही भारतीय लांडगा ही जगातल्या लांडग्यांच्या सर्वांत जुन्या शाखांपैकी एक आहे, हे २०२१ मध्ये जनुकीय अभ्यासातून पुढे आलं. सोळाशेंची संख्या आटोक्यात ठेवायची की नाही, हा जर्मनांचा वाद. तो जसाच्या तसा सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर आणण्यात अर्थ नाही.

आता ‘कधीच नाही’वाल्यांचं. नॉर्वेतल्या संशोधकांनी २००२ ते २०२० या काळातले जगभरातले लांडग्यांचे हल्ले गोळा केले. ४८९ बळी आणि जखमी नोंदले गेले, त्यांतले ३८० जण पिसाळलेल्या लांडग्यांनी चावलेले. भक्ष्य म्हणून केलेले हल्ले ६७. बाकीचे डिवचलेल्या किंवा कोंडीत सापडलेल्या लांडग्यांचे. म्हणजे हल्ले होतात, पण ते मुख्यतः दोन वेगळ्या जातीचे असतात आणि दोन्हींवरचे उपाय वेगळे. निरोगी लांडगा माणसाची चाहूल लागताच वाट बदलतो. तो भर दिवसा गावात शिरून दिसेल त्याला चावत सुटला, खाल्लं काहीच नाही, तर रेबीजचाच संशय घ्यायचा. अशा वेळी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची, तिच्यावर हळद, चुना, मिरचीपूड काहीही लावायचं नाही आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. रक्त आलेल्या चाव्याला नुसती लस पुरत नाही, जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं) द्यावं लागतं. एक-दोन सुया झाल्यावर बरं वाटतंय म्हणून उरलेले डोस सोडून देण्याचा प्रकारही जिवावर बेततो. मुलं उचलण्याचे प्रकार झाले आहेत, बहराइचच्या आधी १९९६ मध्ये पूर्व उत्तर प्रदेशातही झाले. तिथं दार नसलेली घरं, अंगणात झोपलेली किंवा एकटी सोडलेली लहान मुलं आणि आसपास रानातल्या शिकारीचा तुटवडा, असं सगळं जुळून आलेलं असतं. ऊसतोडीच्या पालांवर रात्री मुलांना मधोमध झोपवा, एवढी सूचना त्या धूसर व्हिडिओपेक्षा कितीतरी कामाची आहे.

जर्मनीकडून घ्यावी अशी गोष्ट म्हणजे पुराव्याची प्रतवारी. लांडगा दिसल्याची प्रत्येक खबर इथं तीन खणांत टाकली जाते. पहिल्यात पक्का पुरावा: मेलेलं किंवा पकडलेलं जनावर, डीएनए, ओळखू येईल असा फोटो. दुसऱ्यात जाणकाराने तपासलेले माग, विष्ठा किंवा मारलेलं जनावर. तिसऱ्यात बाकी सगळं, त्यात प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिलं असं सांगणारेही आले. तिसरा खण म्हणजे खोटं नव्हे. खरं की खोटं ते ठरवता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ, आणि त्यावरून संख्या वाढली असं कुणी जाहीर करत नाही. आपले बहुतेक व्हायरल व्हिडिओ याच खणात जातील.

ग्रुपवरची ओळख फसते ती बहुधा कोल्ह्यापाशी. कोल्हा आठ-दहा किलोचा, पायाने आखूड, तांबूस. खोकड तर मांजराहून थोडी मोठी, झुपकेदार शेपटीचं टोक काळं. तरसाच्या अंगावर पट्टे असतात आणि पाठ मागं उतरती. लांडगा वीस किलोच्या आसपास, लांब काटक्या पायांचा, छाती अरुंद, रंग वाळल्या गवतासारखा आणि पाठीवर काळपट केसांची झाक. शेपटी खाली लोंबते, कुत्र्यासारखी वर वळत नाही. यातही घोळ आहे. पुणे जिल्ह्यात २०२३ साली लांडगा आणि कुत्र्याचा संकर डीएनएवरून सिद्ध झाला, त्यामुळे फिकट पिवळसर, विचित्र रंगाचं जनावर दिसलं तर छातीठोक काही बोलू नये. एकट्या ठशावरून लांडगा आणि मोठा कुत्रा वेगळे सांगता येत नाहीत, जर्मनीतले तज्ज्ञही सांगत नाहीत. ते माग धरून चालत जातात. लांडगा दुडक्या चालीत असला की मागचा पाय पुढच्याच ठशात पडतो आणि ओळ दोरीसारखी सरळ जाते. कुत्रं हुंगत, वळत, थांबत जातं. अशी सरळ ओळ किमान शंभर मीटर सलग मिळाली तरच ती दुसऱ्या खणात धरतात. ठशाचा फोटो वरून सरळ काढा आणि शेजारी नाणं किंवा काडेपेटी ठेवा, नाहीतर मापच कळत नाही.

एक गोष्ट मात्र खरी असली तरी पसरवू नये, ती म्हणजे पिल्लांची जागा. आपल्याकडे लांडगी हिवाळ्यात, साधारण नोव्हेंबर ते जानेवारीत, ओढ्याच्या काठाला, घळीत किंवा बांधाच्या कपारीत विते. जागा कळली की एकीकडून फोटोवाल्यांच्या गाड्या येतात आणि दुसरीकडून बिळात धूर करणारे. आई पिल्लं तोंडात धरून हलवते आणि त्या धावपळीत काही दगावतात. फोटो टाकायचाच तर लोकेशन काढून, काही आठवडे थांबून टाका.

मेंढी मारली गेली की खरी परीक्षा होते. लांडगा बहुधा गळा धरतो आणि पोटाकडून खायला सुरुवात करतो. मोकाट कुत्री मागचे पाय, शेपूट, कान असं जागोजागी चावतात, फाडतात आणि पुष्कळदा खात नाहीत. वरून दिसणाऱ्या जखमेवर जाऊ नका. पशुवैद्याने कातडं सोलल्यावर दातांच्या जागी आत रक्त साकळलेलं दिसलं तर जनावर जिवंतपणी धरलं होतं. तसं नसेल तर ते आधीच मेलेलं आणि मागून कुणीतरी खाल्लेलं. लाळेचा डीएनए चाव्याच्या कडेवर असतो आणि सोलापूरच्या उन्हात तो एका दिवसात खराब होतो. म्हणून मढं हलवायचं नाही, ताडपत्री टाकून कडेने दगड ठेवायचे, कुत्री आणि कावळे लांब ठेवायचे आणि वनरक्षकाला किंवा १९२६ या हेल्पलाइनला कळवायचं. भरपाईसाठी खबर ४८ तासांच्या आत द्यावी लागते, पण नमुन्याच्या दृष्टीने ४८ तास फार झाले. वनखात्याची भरपाई लांडग्याने मारलं तर मिळते, मोकाट कुत्र्यांनी मारलं तर नाही. मग कळपाचं नुकसान सोसणारा मेंढपाळ लांडग्याचं नाव घेणारच, त्यात त्याचा दोष नाही. पण नोंदीत लांडगा फुगतो आणि कुत्र्यांचा प्रश्न कागदावर दिसतच नाही. कुत्र्यांनी मारलेल्या मेंढीलाही कुठून तरी भरपाई मिळाली, तर लांडग्यांची आकडेवारी आपोआप खरी होत जाईल असं मला वाटतं.

जर्मनीचं कुंपण मात्र आपल्याला चालायचं नाही. इथं मेंढ्या एका कुरणात राहतात आणि रात्री राखणीला माणूस नसतो. म्हणून विजेचं जाळं लावतात: उंची किमान ९० सेंटिमीटर, १२० असेल तर बरं, खालची तार जमिनीपासून २० सेंटिमीटरच्या आत आणि तारेत हजारो व्होल्टचा झटका. फसतं ते खालीच. जमीन उंचसखल असली की फट राहते आणि लांडगा उडी मारण्याआधी उकरून बघतो. गवत तारेला टेकलं की झटका उतरतो, जमीन कोरडी असली की अर्थिंग लागत नाही. सोलापूरच्या मुरमाड माळावर उन्हाळ्यात हे जाळं निम्मंसुद्धा काम करणार नाही, आणि वाड्यामागून वाडा हलवणारा धनगर बॅटरी कुठं वाहणार? त्याची वाघर (रात्री मेंढ्या कोंडायचं जाळं), राखणीची कुत्री आणि कळपाशेजारी झोपणारा माणूस ही व्यवस्था इथल्या तज्ज्ञांना हेवा वाटावा अशी आहे. लांडगे संपल्यावर युरोप ती विसरला आणि आता पैसे खर्चून पुन्हा शिकतो आहे. वाघरीच्या सांध्यांत फट ठेवू नये, कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालावेत, त्यांना रेबीजची लस दरवर्षी टोचावी आणि संध्याकाळी परतताना मागं रेंगाळणारी, लंगडणारी मेंढी कळपाच्या मध्ये घ्यावी. सरकारने पैसा घालायचाच तर या लशीत आणि पट्ट्यांत घालावा.

आणि माळ. सोलापूरची माळरानं सरकारदरबारी अजून पडीक म्हणून लिहिली जातात. त्यांवर खड्डे खणून झाडं लावली की ती हिरवी झाली असं समजतात, उरलेल्यावर सौरप्रकल्प आणि कारखाने येतात. माळढोक अभयारण्य १९७९ साली जाहीर झालं तेव्हा साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं होतं, आता सुमारे बाराशे उरलंय. काळविटांचं कुरण गेलं की लांडगा वाघरीकडे वळतो आणि मग तो जास्त दिसू लागतो. जास्त दिसतो म्हणजे वाढला, असा निष्कर्ष ग्रुपवर लगेच निघतो. नान्नज, मार्डी, करमाळा, मोहोळ या पट्ट्यात वर्षभर मागांची, विष्ठेची आणि मारलेल्या जनावरांची खणवार नोंद ठेवली, ती दर सहा महिन्यांनी मराठीतून आणि अक्कलकोट भागासाठी कन्नडमधून लोकांपुढे मांडली, तर या वादातला निम्मा भाग गळून पडेल. त्याला परदेशी तंत्र लागत नाही. वनरक्षक, पशुवैद्य आणि मेंढपाळ यांनी भरायचा एक पानी फॉर्म आणि नमुन्यांसाठी बर्फाचा डबा पुरे.