त्रुटी एकदाच सांगा ना!

भाऊ जाऊन दीड वर्ष होत आलं. वहिनी वारसाच्या दाखल्यांसाठी अजून कोर्टाच्या खिडकीशी उभी. आणि दर खेपेला अर्जात नवी त्रुटी! आधी काय, तर वकीलपत्रावर वेलफेअर तिकीट, म्हणजे वकिलांच्या कल्याण निधीचं तिकीट, नाही. लावलं. मग मृत्यूच्या दाखल्यावर 'दत्तात्रय' आणि आधारवर 'दत्तात्रेय'. त्याचं प्रतिज्ञापत्र केलं. मग जाहीर नोटिशीचं अख्खं वर्तमानपत्र हवं, कात्रण चालत नाही. अहो, हे सगळं पहिल्याच दिवशी एका कागदावर लिहून द्यायला काय जातं?

बँकेतल्या पैशांसाठी १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखाली उत्तराधिकार दाखला, घरासाठी १८२७ च्या बॉम्बे रेग्युलेशनचा, म्हणजे इंग्रजांच्या काळच्या कायद्याचा, वारस दाखला. आणि नऊ वर्षांच्या पुतण्याचा हिस्सा विकायचा, तर १९५६ च्या हिंदू अज्ञान व पालकत्व कायद्याप्रमाणे कोर्टाची वेगळी परवानगी. पोराच्या हक्काचं रक्षण व्हायलाच हवं, नाही कोण म्हणतंय? पण त्याची शाळेची फी थकलीय, ती तोवर कोण भरणार?

काल अर्ज परत आला. समासात पेन्सिलीने दोनच शब्द: 'पान अस्पष्ट'. कुठलं पान? चौतीस पानं आहेत! विचारायला गेलो, तर जेवणाची सुट्टी. वहिनी अर्ध्या दिवसाची बिनपगारी रजा टाकून आलेली. पायरीवर बसून तिने एकेक पान उजेडात धरून पाहिलं. सव्विसाव्या पानावर नोटरीचा शिक्का पुसट उमटला होता. एवढंच! एवढ्यासाठी पुन्हा पुढच्या महिन्यात या!