दीड-दोन महिन्यांसाठी एवढा खटाटोप? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

जठराच्या कर्करोगातल्या व्हीईजीएफ या, नव्या रक्तवाहिन्या फुटवणाऱ्या प्रथिनावरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, की गाठीची रसद, म्हणजे रक्तपुरवठा, तोडायची कल्पना फोल ठरली आहे, तिच्यावरच्या औषधाने जेमतेम दीड-दोन महिने मिळतात आणि त्यापेक्षा हळद बरी. घरात रुग्ण असल्याचंही लिहिलंत, म्हणून दोन ओळींत आटोपत नाही.

आकड्यांबाबत तुमचं म्हणणं खरं आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या रिगार्ड चाचणीत रामुसिरुमॅब हे औषध घेणाऱ्यांचं मध्यक आयुष्य ५.२ महिने होतं, नुसत्या प्लॅसिबोवर (औषध नसलेल्या दिखाऊ डोसवर) ३.८. रेनबो चाचणीत पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या जोडीला हेच औषध दिल्यावर ९.६, एकट्या पॅक्लिटॅक्सेलवर ७.४. पण हे सगळे रुग्ण पहिली केमो निष्प्रभ ठरलेले होते, आजार पसरलेला होता. शिवाय मध्यक म्हणजे प्रत्येकाला मिळालेली मुदत नव्हे; निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगले. रिगार्डमध्ये सहा महिन्यांनंतर हयात असलेले औषधाच्या गटात सुमारे ४२ टक्के होते, दुसऱ्या गटात ३२. हा फरक लहान आहे. पण तो खरा आहे, आणि त्याला मी शून्य म्हणणार नाही.

आता कल्पनेबद्दल. अमेरिकन शल्यविशारद ज्यूडा फोकमन यांनी ती १९७१ मध्ये मांडली: नव्या रक्तवाहिन्या फुटल्या नाहीत तर गाठ एक-दोन मिलिमीटरच्या पुढे फारशी वाढू शकत नाही. कारण साधं आहे. केशवाहिनीपासून ऑक्सिजन साधारण १०० ते २०० मायक्रोमीटरपर्यंतच झिरपतो. त्यापलीकडच्या पेशी गुदमरतात, त्यांच्यात एचआयएफ-१ हे प्रथिन साठतं आणि ते व्हीईजीएफचं जनुक जोरात चालू करतं. बाहेर पडलेलं व्हीईजीएफ जवळच्या रक्तवाहिनीच्या अस्तरपेशींवरच्या दुसऱ्या क्रमांकाच्या ग्राहीला (संदेश पकडणाऱ्या प्रथिनाला) चिकटतं, त्या पेशी विभागतात, गाठीकडे सरकतात, नवा फाटा फुटतो. यातलं काहीही खोटं ठरलेलं नाही.

अडचण पुढे आहे. हे फाटे धड नसतात; वेडेवाकडे, गळके असतात. (हे प्रथिन १९८३ मध्ये हॅरॉल्ड ड्वोरॅक यांच्या गटाला सापडलं तेच मुळी वाहिन्या गळक्या करणारा घटक म्हणून.) गळतीमुळे गाठीच्या आत दाब वाढतो आणि केमोचं औषध खोलवर पोचत नाही. हार्वर्डचे राकेश जैन यांची मांडणी अशी, की व्हीईजीएफला मोजका आवर घातला तर उरलेल्या वाहिन्या काही काळ सुधारतात आणि केमो आत जाते. रेनबोतल्या जोडीचा फायदा समजून घ्यायला मला ही मांडणी जास्त पटते. निव्वळ उपासमारीने तो नीट उलगडत नाही.

तरीही कोडं उरतंच. खुद्द व्हीईजीएफला पकडणारं बेव्हॅसिझुमॅब अॅव्हागास्ट चाचणीत ७७४ रुग्णांवर पहिल्याच केमोबरोबर तपासलं: १२.१ विरुद्ध १०.१ महिने, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर तो फरक टिकला नाही. मग वाटलं, व्हीईजीएफऐवजी ग्राहीच अडवायला हवी. रामुसिरुमॅब तेच करतं, पण रेनफॉल चाचणीत पहिल्या केमोबरोबर दिल्यावर त्यानेही आयुष्य वाढवलं नाही. एक वाट अडवली की गाठ वाहिन्या फुटवायला दुसरी प्रथिनं वापरते, हे त्यामागचं एक कारण मानलं जातं.

हळदीचं थोडक्यात. करक्युमिन प्रयोगशाळेतल्या पेशींत व्हीईजीएफ कमी करतं, हे खरं. पण ते आतड्यातून फार थोडं शोषलं जातं, आणि त्याने जठराच्या कर्करोगात आयुष्य वाढल्याचं कोणत्याही मोठ्या चाचणीने दाखवलेलं नाही. भाजीतली हळद खुशाल खाऊ द्या. कॅप्सूल चालू असतील तर डॉक्टरांना जरूर सांगा. काहींच्या यकृताला त्यांनी इजा झालेली आहे.

तुमच्या रुग्णाबद्दल एवढंच. रामुसिरुमॅबने रक्तदाब वाढतो, रक्तस्राव होऊ शकतो, जखमा भरायला वेळ लागतो आणि क्वचित जठराला किंवा आतड्याला छिद्र पडतं. म्हणून शस्त्रक्रिया ठरली असेल तर औषधाचं वेळापत्रक आधी विचारून घ्या. ते कोणाला लागू पडेल हे आधीच सांगणारी खात्रीची चाचणी या कर्करोगासाठी अजून नाही. हर-टू, एमएसआय आणि पीडी-एल१ या गाठीतल्या खुणा तपासणाऱ्या चाचण्या मात्र आहेत, त्या बायोप्सीच्या तुकड्यावर होतात आणि त्यांच्यावरून वेगळी, कधी कधी जास्त उपयोगी औषधं निवडता येतात. त्या झाल्यात का, हे पुढच्या भेटीत ऑन्कॉलॉजिस्टना आवर्जून विचारा.